पडलेल्या टाइलची पाठ

न्हाणीघरातील एखादी टाइल निखळून पडली, की आपण सिमेंटला दोष देतो. पण तीच टाइल उचलून तिची पाठ पाहिली, तर खरे कारण बहुधा तेथेच सापडते. दोष पुष्कळदा टाइल लावण्यापूर्वीच्या तयारीत असतो.

पाठीला जुन्या रंगाचा पापुद्रा आला आहे का? मग सिमेंट भिंतीला नव्हे, रंगाला चिकटले होते! सिमेंट व पाणी यांच्या क्रियेतून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते आणि ते गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांत रुजून पकड घेते. तैलरंगाने ही छिद्रे बुजतात. म्हणून गवंडी रंग खरवडून काढतो आणि जात्याला टाकी लावावी तशा भिंतीवर छिन्नीने खाचा पाडतो. नंतर धूळ धुऊन काढणेही तितकेच महत्त्वाचे. कारण धूळ हाही एक सुटा थरच असतो.

पाठीवरचा मसाला भुसभुशीत आहे का? मग बहुधा पाणी कमी पडले. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. या क्रियेत सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पाव पट पाणी बांधले जाते. कोरडा गिलावा केशाकर्षणाने हे पाणी टीपकागदासारखे शोषून घेतो. म्हणून भिंत आधी भिजवतात आणि पृष्ठभागावरचे पाणी ओसरल्यावरच काम सुरू करतात. भिंत निथळत असेल, तर छिद्रे पाण्यानेच भरलेली असतात व पकड कमी मिळते.

टाइलबरोबर गिलावाही सुटून आला आहे का? मग तो आधीच विटेपासून सुटलेला असावा. भिंत नाण्याने ठोकून पाहावी. बद्द आवाज येईल तेवढा भाग पाडून नव्याने गिलावा करावा आणि त्यावर निदान सात दिवस पाणी मारावे.

हल्ली शहरांत जिप्समचा गुळगुळीत गिलावा पुष्कळ दिसतो. जिप्सम पाण्यात थोडे विरघळते. शिवाय ओल राहिली, तर सिमेंटमधील ॲल्युमिनेटशी त्याची क्रिया होऊन एट्रिंगाइट बनते. त्याचे आकारमान जास्त असल्याने टाइल मागून ढकलली जाते. म्हणून न्हाणीघराच्या भिंतींना सिमेंटचाच गिलावा हवा.

करून पाहा : विटेचे दोन तुकडे घ्या. एक कोरडा ठेवा. दुसरा तासभर भिजवून पुसून घ्या. दोहोंवर एकाच वेळी कालवलेला सिमेंट-वाळूचा मसाला अर्धा सेंटिमीटर जाड थापा. (ओले सिमेंट अल्कधर्मी असते, हातमोजे वापरा.) पाच मिनिटांनी दोन्हींत काडी रोवून पाहा. कोठे जड जाते? दुसऱ्या दिवसापासून दोन्हींना सारखेच पाणी मारा आणि आठवड्याने खिळ्याने ओरखडून कोणता थर लवकर सुटतो ते पाहा. विद्यार्थ्यांना निष्कर्ष आधी सांगू नका. कारण त्यांनाच शोधू द्या.