कामुइ-देन

कामुइ-देन : जपानी चित्रकथाकार शिराटो सांपेई (१९३२–२०२१) याची निंजाविषयक चित्रकथामाला. शीर्षकाचा अर्थ ‘कामुइची चरितकथा’ असा आहे. ‘गारो’ या मासिकात डिसेंबर १९६४ ते जुलै १९७१ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. चित्रकथेला जपानी भाषेत ‘मांगा’ म्हणतात. शत्रूच्या गोटात गुप्तपणे शिरून हेरगिरी, जाळपोळ व घातपात करणारा तो निंजा, असा सर्वसाधारण समज आहे. या मालेतील निंजा मात्र सतराव्या शतकातील जपानी खेड्याच्या चित्रणाचे एक निमित्त आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

‘निंजा’ हे नाव विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाले. जुन्या कागदपत्रांत ‘शिनोबी’ हा शब्द येतो. या विद्येची प्रसिद्ध केंद्रे दोन : क्योटोच्या आग्नेयेस डोंगरांनी वेढलेले इगाचे खोरे आणि त्यास लागून असलेला कोका हा प्रदेश. येथे एकही सरंजामदार फारसा प्रबळ झाला नाही. शेती करणारी व शस्त्रे बाळगणारी छोटी घराणी आपापसांत करार करून कारभार पाहत आणि प्रसंगी शेजारच्या सरदारांची भाडोत्री कामगिरीही पतकरीत. १४८७ मध्ये शोगुन आशिकागा योशिहिसा याने या भागात स्वारी केली, तेव्हा कोकाच्या लोकांनी त्याच्या छावणीवर रात्री छापा घातला. १५७९ मध्ये ओडा नोबुनागाच्या मुलाने इगावर केलेली चढाई फसली. तथापि १५८१ मध्ये खुद्द नोबुनागाने प्रचंड फौज धाडून इगाची स्वायत्तता संपुष्टात आणली. पुढच्याच वर्षी नोबुनागा मारला गेला व टोकुगावा इएयासु संकटात सापडला. हाटोरी हान्झोच्या साहाय्याने इएयासु इगाच्या डोंगरांतून सुखरूप निसटला. याची परतफेड म्हणून इगाच्या लोकांना पुढे एडो (आजचे टोकिओ) येथील किल्ल्यावर पहाऱ्याच्या नोकऱ्या मिळाल्या. शिमाबारा येथील बंडात (१६३७–३८) कोकाच्या हेरांचा उपयोग झाला. त्यानंतर देशात दीर्घकाळ शांतता नांदली व या विद्येस काम उरले नाही. ‘बान्सेन्शूकाइ’ (१६७६) व ‘शोनिंकी’ (१६८१) हे तिचे प्रसिद्ध ग्रंथ नेमके या निरुपयोगाच्या काळातील आहेत, ही लक्षणीय गोष्ट होय. डोक्यापासून पायापर्यंतचा काळा वेश ही प्रामुख्याने चित्रकार व रंगभूमी यांची देणगी आहे. प्रत्यक्षातील हेर भिक्षू, फेरीवाला किंवा शेतकरी अशा कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या वेशात वावरत असे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील स्वस्त पुस्तकमालांनी सारुटोबी सासुके हा जादूगार निंजा घरोघरी पोहोचविला. १९५८ नंतर यामादा फूतारो, शिबा र्‍योतारो, मुरायामा तोमोयोशी प्रभृतींच्या कादंबऱ्यांमुळे निंजाची मोठीच लाट आली. शिराटो याच लाटेतील. परंतु त्याची दृष्टी वेगळी होती. त्याचे वडील ओकामोटो टोकी हे श्रमिक कलाचळवळीतील चित्रकार होते. १९३३ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मृत्यू पावलेला कादंबरीकार कोबायाशी टाकिजी याच्या मृत मुखाचे चित्र त्यांनी रंगविले होते. युद्धोत्तर दारिद्र्यात शिराटोने ‘कामिशिबाइ’ म्हणजे रस्त्यावर दाखवावयाच्या चित्रफलकांच्या खेळासाठी चित्रे काढली आणि पुढे भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी चित्रकथा लिहिल्या. त्यांतील ‘निंजा बुगेइचो’ (१९५९–६२) या सतरा खंडांच्या कथेने त्याचे नाव झाले. विद्यार्थी चळवळीतील तरुणांनी ती आवडीने वाचली. दिग्दर्शक ओशिमा नागिसा याने १९६७ मध्ये तिची मूळ रेखाचित्रेच कॅमेऱ्याने टिपून चित्रपट तयार केला. ‘कामुइ-देन’ला जागा मिळावी, या हेतूनेच मुख्यतः नागाइ कात्सुइची याने १९६४ मध्ये ‘गारो’ सुरू केले.

कथा हिओकी या काल्पनिक जहागिरीत घडते. तिचे नायक तीन : ‘हिनिन’ वस्तीत जन्मलेला कामुइ, कनिष्ठ शेतमजुराचा मुलगा शोसुके आणि सामुराई घराण्यातील कुसाका र्‍यूनोशिन. जन्माने लादलेल्या हीनतेतून सुटण्यासाठी कामुइ निंजा होतो. पण निंजांची टोळीही माणसाला तितक्याच निर्दयपणे वापरते हे कळल्यावर तो पळून जातो आणि जन्मभर त्याचा पाठलाग होतो. कळपाने झिडकारलेल्या एका पांढऱ्या लांडग्याची कथा त्याच्या कथेला समांतर चालते. ‘कामुइ’ हा मूळचा ऐनू भाषेतील देववाचक शब्द आहे. जसजशी कथा पुढे सरकते, तसतसा कामुइ मागे पडतो आणि शोसुकेचे गाव पुढे येते. कापूस, रेशीमकिडे, खत, नवी जमीन लागवडीखाली आणण्याची खटपट, सारावसुली आणि अखेर उठाव यांचे इतके तपशीलवार चित्रण क्वचितच दुसऱ्या चित्रकथेत आढळेल. पहिल्या भागाचा शेवट दारुण आहे. उठावाचे पुढारी छळाने मरतात. एकट्या शोसुकेला जीभ कापून सोडून दिले जाते. तो फितूर झाला असे समजून गावकरी त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याला खुलासा करता येत नाही.

यातील ऐतिहासिक भाग कोणता? फरारी निंजाचा अखंड पाठलाग ही बव्हंशी कथाकारांची निर्मिती होय. याउलट, वर्णव्यवस्थेचे चित्र साधार आहे. टोकुगावा काळात सामुराई, शेतकरी, कारागीर व व्यापारी यांच्याबाहेर ‘एता’ आणि ‘हिनिन’ (शब्दशः ‘माणूस नव्हे तो’) असे बहिष्कृत वर्ग होते. मेलेली जनावरे ओढणे व कातडी कमावणे हे पहिल्याचे, तर भीक, सफाई आणि गुन्हेगारांच्या शिक्षेसंबंधीची कामे ही दुसऱ्याचे प्राक्तन होते. १८७१ च्या फर्मानाने ही नावे रद्द झाली, तरी विवाह व नोकरी यांतील भेदभाव नंतरही टिकून राहिला. शेतकऱ्यांत फूट पाडण्यासाठी राज्यकर्त्यांनीच हे वर्ग निर्माण केले, अशी कथेची मांडणी आहे. ती त्या काळच्या इतिहासलेखनात रूढ होती. पुढील संशोधनाने मात्र या वर्गांची मुळे मध्ययुगात दाखविली. या मर्यादेतही कथेचे संदर्भमूल्य राहते. एडोकालीन संस्कृतीच्या अभ्यासक तानाका यूको यांनी विद्यापीठात तिच्या आधारे अध्यापन केले व त्यावरील ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला.

‘कामुइ गाइदेन’ (१९६५–६७, पुढे १९८२–८७) या उपमालेत फरारी कामुइच्या सुट्या साहसकथा आहेत. तिच्यावर १९६९ मध्ये दूरदर्शनमाला व २००९ मध्ये चित्रपट निघाला. १९८७ पासून तिचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध झाले. किशिमोटो मासाशीच्या ‘नारुटो’ (१९९९–२०१४) या ७२ खंडांच्या लोकप्रिय मालेतही पळून गेलेल्या निंजाची कल्पना आहे; मात्र ती माला पूर्णतः कल्पित जगात घडते व तिच्यात शेतसारा जवळजवळ नाहीच. ‘कामुइ-देन’चा दुसरा भाग १९८८ ते २००० या काळात निघाला. त्याची चित्रे शिराटोचा धाकटा भाऊ ओकामोटो टेत्सुजी याने काढली. योजलेला तिसरा भाग प्रसिद्ध झाला नाही. शिराटोचे ८ ऑक्टोबर २०२१ रोजी निधन झाले; त्यानंतर चारच दिवसांनी टेत्सुजीही मरण पावला.