ध्वनिसंचाची खरेदी : पारख दुकानाचीही हवी

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती येणाऱ्या रकमेतून घरात एक उत्तम ध्वनिसंच असावा, अशी इच्छा अनेक संगीतप्रेमी बाळगून असतात. वर्षानुवर्षे जपलेल्या ध्वनिमुद्रिका आणि सीडी पुन्हा निवांत ऐकाव्यात, हा त्यामागील हेतू. अशी खरेदी आयुष्यात एक-दोनदाच होते आणि तीत कष्टाची पुंजी गुंतते. म्हणूनच कोणता संच घ्यावा, याइतकाच तो कोणाकडून घ्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा बंगळूरचा एस. पी. रोड अशा बाजारपेठांत पर्याय भरपूर आणि भावही काहीसे कमी असतात. तथापि, ॲम्प्लिफायर ही जड वस्तू आहे. ती बिघडल्यास परगावी पाठविणे खर्चाचे व जोखमीचे होते. त्यामुळे भावातील फरकाची तुलना विक्रीनंतरच्या सेवेशी करूनच दुकान निवडावे.

आधी ऐकावे, मग ठरवावे

चांगला विक्रेता ग्राहकाला घाई करीत नाही. ग्राहकाने आपल्या परिचयाची सीडी सोबत न्यावी आणि दोन संच सारख्याच आवाजात ऐकवावयास सांगावे. किंचित मोठा आवाज कानाला सरस भासतो. त्यामुळे आवाज समान नसल्यास तुलना फसवी ठरते. दुकानातील गालिचे व पडदे प्रतिध्वनी शोषून घेतात. घरातील फरशी आणि मोकळ्या भिंती तसे करीत नाहीत. खोलीचे मोजमाप विचारणारा, शक्य असल्यास घरी येऊन संच लावून दाखविणारा दुकानदार म्हणूनच अधिक विश्वासार्ह मानावा.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावर ठळकपणे छापलेल्या हजारो वॅट ‘पीएमपीओ’च्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सातत्याने मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ वॅटमध्ये पाहावी. स्पीकरचा रोध ओहममध्ये दिलेला असतो. केवळ ८ ओहमसाठी बनविलेल्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर जोडल्यास विद्युतप्रवाह वाढून तो तापण्याची भीती असते. तसेच संवेदनक्षमता ३ डेसिबलने कमी असलेल्या स्पीकरला तितक्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते. या बाबी आपणहून समजावून सांगणारा विक्रेता जाणकार समजावा.

कागदपत्रे

जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल अवश्य घ्यावे. बिलावर उपकरणाचा अनुक्रमांक असावा आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व दिनांक असावा. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता व कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. ती माहिती नसेल, तर माल अधिकृत मार्गाने आलेला नसण्याची शक्यता असते आणि भारतात त्याची हमी मिळणे कठीण जाते. शिवाय अमेरिकेतील १२० व्होल्टसाठीचे उपकरण आपल्याकडील २३० व्होल्टला थेट जोडल्यास निकामी होऊ शकते. अधिकृत सेवाकेंद्र कोणत्या शहरात आहे, हेही खरेदीपूर्वीच विचारावे.

पैसे देताना

‘शून्य टक्के व्याज’ अशी योजना पुढे केली जाते. मात्र ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील परिपत्रकात स्पष्ट केले होते. व्याजाची रक्कम बहुधा किमतीत मिसळलेली असते किंवा रोखीवरील सवलत गमावून ती भरली जाते. म्हणून रोखीची किंमत आणि प्रक्रिया शुल्कासह सर्व हप्त्यांची बेरीज, असे दोन्ही आकडे लिहून घेऊन ताडून पाहावेत. रोखीने भागत असेल, तर हप्त्यांचा मोह टाळावा; मात्र अडीअडचणीसाठी राखलेल्या ठेवीला हात लावू नये.

तक्रार उद्भवल्यास

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे, सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही दाद मागता येते. तरीही बिल जपून ठेवलेला ग्राहक आणि आपले नाव जपणारा जवळचा दुकानदार यांच्यात बहुतेक तक्रारी दुकानातच मिटतात. भावात वाचलेले चार पैसे पहिल्या आठवड्यात आठवतात. दुकानदाराचा शब्द मात्र संच बंद पडतो त्या दिवशी उपयोगी येतो.