रुग्णसेवकांची कावीळ

एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत १९६९-७० साली काविळीची साथ उद्भवली. ११ जण दगावले. त्यांत ४ रुग्णालयाचेच कर्मचारी होते. तपासाअंती मूळ सापडले ते कृत्रिम मूत्रपिंड विभागातील रक्तात.

‘ब’ काविळीचा हा विषाणू रक्तावाटे पसरतो आणि शरीराबाहेरही निदान सात दिवस तग धरतो. म्हणूनच धोका केवळ डॉक्टर-परिचारिकांना नाही. नाशिक रोडच्या एखाद्या रुग्णालयात पहाटे कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्या कंत्राटी कामगारालाही तो तितकाच आहे. पिशवीतील वापरलेली सुई त्याला दिसत नाही.

हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला लस देणे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी बंधनकारक केले आहे. परंतु लसीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात. तत्पूर्वीच कंत्राट बदलले, तर उरलेल्या मात्रेची जबाबदारी कोणाची? उत्तर स्पष्ट हवे: रुग्णालयाची, ठेकेदाराची नव्हे.

साथ आल्यावर चौकशी समिती नेमणे सोपे असते. त्याआधी लसीकरणाची नोंदवही उघडावी आणि तपासणीचा प्रारंभ सफाई कामगाराच्या नावापासून करावा. रुग्णाची सेवा करणाऱ्याचे रक्षण हा रुग्णसेवेचाच भाग आहे.