खुबा बदलला, घर तेच राहिले

पुणतांब्यासारख्या गावात एखाद्या आजींचा पाय न्हाणीत घसरतो, मांडीच्या हाडाची मान मोडते आणि सगळे घर कामाला लागते. गाडी बोलावली जाते, एक्स-रे निघतो, पैशांची जुळवाजुळव सुरू होते. लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि शिर्डीतील संस्थानचे रुग्णालय गोदाकाठच्या या गावापासून फार लांब नाहीत. जे मोडणे पूर्वी माणसाला अंथरुणाला खिळवून टाकत असे, त्यावर आता खुब्याचा सांधा अर्धा किंवा पूर्ण बदलून रुग्णाला पुन्हा उभे करता येते. पडल्यामुळेच नव्हे, तर रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा झिजल्यामुळे चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांवरही ही शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते, त्यानंतरचे बरे होणे मात्र तीन महिने चालते, आणि ते बहुतेक सगळे घरातच होते. आपली सारी तयारी त्या दोन तासांसाठी असते. तीन महिन्यांची तयारी कोणी करायची, हे ठरलेलेच नसते. खुब्याच्या रुग्णांचे हाल होतात ते बऱ्याचदा या न ठरलेल्या भागात.

सांध्याची रचना पाहिली की कारण लक्षात येते. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूचा गोळा आणि टणक प्लास्टिकची वाटी यांची जोडी यशस्वी केली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. नवा सांधा बसवताना, विशेषतः कुल्ल्याच्या मागच्या बाजूने शिरून बसवताना, त्याभोवतीचे आवरण आणि काही छोटे स्नायू कापावे लागतात. ते शिवले तरी घट्ट व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर गुडघा खुब्याच्या वर गेला किंवा वाकलेला पाय आत वळला, तर गोळा वाटीतून निखळू शकतो. म्हणून काटकोनापेक्षा जास्त वाकू नका, पायावर पाय टाकू नका, झोपताना दोन्ही पायांत उशी ठेवा, असे बजावले जाते. आता हे नियम घेऊन गावातल्या घरात या. बाज खाली, जेवायचा पाट त्याहून खाली, विळी जमिनीवर, शौचालय उकिडवे बसायचे. देवपूजा, भाजी निवडणे, नातवाला मांडीवर घेणे, सगळे जमिनीलगत. खुर्ची-पलंगावर जगणाऱ्या समाजात घडलेली शस्त्रक्रिया आपण जमिनीवर जगणाऱ्या घरात आणली, पण घराची उंची वाढवायची राहिली. म्हणूनच रुग्णाला नुसते ‘खाली बसू नका’ सांगणे अपुरे आहे. खाली न बसता दिवस कसा काढायचा, हे दाखवायला हवे. बाजेखाली विटा, हाताची घट्ट खुर्ची, कमोडची खुर्ची, न्हाणीत धरायला दांडी आणि आंघोळीला उंच स्टूल, उंबऱ्यापाशी उतरती फळी: यातले काहीच महागडे नाही. फक्त ते रुग्ण घरी येण्याआधी झालेले असावे लागते.

यावर घरातली माणसे मनापासून म्हणतात की एवढे मोठे ऑपरेशन झाले आहे, त्यांना हलवायचेच कशाला, महिनाभर निवांत पडून राहू द्या, आम्ही आहोत ना करायला. ही माया खरी आहे, पण खुब्याच्या बाबतीत ती घातक ठरते. पडून राहिल्याने पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात आणि मांडीचे स्नायू झपाट्याने वाळतात. म्हणून तर शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभे करतात. पुढे काही आठवड्यांत वॉकर सुटतो आणि काठी येते. ती बऱ्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची असते, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. पायरी चढताना बरा पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, हेही एकदा करून दाखवावे लागते. पोटरी सुजली, जखमेतून पाणी आले, ताप आला, पाय अचानक आखूड दिसू लागला किंवा श्वास लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचे. गाठी न होण्यासाठी दिलेले औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे नाही. रुग्णाला अंथरुणावर सगळे आणून देण्यापेक्षा त्याच्यासोबत अंगणात दहा पावले चालणे ही मोठी सेवा आहे. बहुतेक घरी ही सेवा सुनेच्या वाट्याला येते. तेव्हा डॉक्टरांनी सूचना मुलाला कॉरिडॉरमध्ये न सांगता तिला समोर बसवून सांगाव्यात.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो. खुबा बदलल्यानंतरचे कडक निर्बंध सगळ्यांना लागत नाहीत, पुढच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत तर अनेक शल्यविशारद ते देतही नाहीत. शिवाय 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, घरी स्वतः व्यायाम करणारे आणि फिजिओथेरपिस्टकडे जाणारे यांच्या बरे होण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मग गावात एवढा आटापिटा कशाला? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपल्याकडच्या रुग्णाला त्यातून दिलासाही मिळावा, कारण रोज वडापमधून फिजिओथेरपीला जाणे त्याला परवडणारे नाही. पण चाचणीतल्या त्या रुग्णांच्या हाती लिहून दिलेले व्यायाम होते, घरी खुर्ची होती, कमोड होता आणि अडले तर जायला जागा होती. निर्बंध सैल केले म्हणजे त्यांना उकिडवे बसायला सांगितले, असेही नाही. त्यातून आपण एवढेच घ्यावे की नीट शिकवले तर घरचा व्यायाम पुरतो. नीट शिकवणे गाळून चाचणीचा नुसता निष्कर्ष उचलणे अन्यायाचे होईल. आपल्याला कोणते निर्बंध आणि किती दिवस, हे ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच विचारावे.

राहिला खर्च आणि जबाबदारीचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत गेले आहे. आपली शस्त्रक्रिया तीत बसते का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे. पण योजनेच्या पॅकेजमधला पाठपुरावा साधारणपणे घरी सोडल्यापासून 10 दिवसांचा असतो. दहाव्या दिवशी तर कित्येकांचे टाकेही निघालेले नसतात. रुग्ण घरी गेला की तो यंत्रणेच्या नजरेआड होतो, याचा मोठा पुरावा देशाने पाहिला आहे. ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा सदोष खुबा 2010 मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत वापरला गेला होता आणि 2018 मध्ये केंद्राच्या समितीने अहवाल दिला तेव्हाही त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा पत्ता लागलेला नव्हता. म्हणून सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर लावलेला कागद आणि डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाइतके जपून ठेवावे. वीस वर्षांनी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली, तर त्याच कागदावरून आत काय बसवले आहे ते कळते.

घरच्या पाठपुराव्यासाठी सरकारी पैसा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. लोणीत रुग्णालयाबरोबर फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. ठरवलेल्या शस्त्रक्रियेआधी तिथल्या विद्यार्थ्याने एकदा घर पाहून यावे आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात फेरी मारावी, एवढी घडी बसवणे अशक्य नाही. पडून मोडलेल्या खुब्यात आधी वेळ नसतो, तिथे रुग्ण रुग्णालयात आहे त्या चार-पाच दिवसांतच आशा सेविकेने घरी जाऊन बाजेची उंची मोजावी. ग्रामपंचायतीकडे दोन वॉकर, दोन कमोडच्या खुर्च्या आणि एक उंच स्टूल असले तर ते वर्षभर एका घरातून दुसऱ्या घरात जातील, जशी लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली आजही जातात.