अर्ज गेल्यानंतर

२०२५ च्या पावसाळ्यातील एका सकाळी, महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली ज्यांच्याकडून मी गेली बारा-तेरा वर्षे भाजी घेत आलो आहे, त्या वहिनींनी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाण्याचा हबका मारणे मध्येच थांबवले, दोन्ही हात पदराला नीट कोरडे होईपर्यंत पुसले आणि गल्ल्याच्या डब्याखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "काका, एवढं वाचून सांगा. पोरगी म्हणते, उद्यापर्यंत काहीतरी कळवायचंय, नाहीतर सीट जाते."

कागद अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशातील पहिल्या फेरीच्या जागावाटपाचा होता. मुलीने पसंतीक्रमात पहिली दोन महाविद्यालये मुंबईची लिहिली होती आणि तिसरे पुण्याचे. जागा मिळाली होती ती तिसऱ्या पसंतीची. एरवी हा आनंदाचा प्रसंग. परंतु पसंतीक्रम भरून दोन दिवस होतात न होतात तोच तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता, पहाटे माल आणण्याचे काम वहिनींवर येऊन पडले होते, आणि ज्या घराने मुलीला मुंबईस धाडण्याचे ठरवून अर्ज केला होता, ते घर आठवडाभरात निराळेच झाले होते. अर्ज मात्र जुन्या घराचाच होता.

आपल्या समाजात बारावीच्या मुलामुलींच्या पाठीशी जो उत्साह असतो, तो बहुतांशी अर्ज भरून होईपर्यंतचा असतो. क्लास कोणता लावावा, प्रवेश परीक्षेत किती पर्सेंटाइल पडले, कोणते महाविद्यालय वर लिहावे, यांविषयी सल्ला देणारे आप्तेष्ट गल्लोगल्ली भेटतात. परंतु अर्ज दाखल झाल्यापासून वर्गात पाऊल पडेपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत परिस्थिती पालटली तर काय करावे, हे सांगणारा मनुष्य शोधूनही सापडत नाही. वास्तविक अर्ज म्हणजे एका विशिष्ट तारखेला खरे असलेले निवेदन. त्यानंतर गुण बदलतात, दाखल्याची मुदत संपते, वडिलांची नोकरी जाते, घरात आजारपण येते, कधी मुलाचे मनच दुसऱ्या विषयाकडे ओढ घेते. या पालटांत लज्जास्पद असे काहीही नाही. ते मुदतीत, लेखी आणि योग्य ठिकाणी कळवले गेले नाहीत, एवढ्यानेच पुष्कळ नुकसान होते, आणि हे नुकसान बहुधा अशाच घरांच्या वाट्याला येते ज्यांना कचेरीच्या भाषेची सवय नसते.

ज्या मंडईत हे संभाषण चालले होते, तिचा आणि शिक्षणाचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १८८६ मध्ये ही इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून उभी राहिली. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी बाजाराच्या इमारतीवरील या खर्चास विरोध केला होता आणि तो पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच बाजाराला जोतीरावांचे नाव देण्यात आले.

समोरच १९२४ मध्ये उभारलेला लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष व्यायामाला वाहिले, गणितात पदवी मिळवली, एम.ए.चा अभ्यासक्रम मध्येच सोडून कायद्याकडे वळले आणि १८७९ मध्ये एल.एल.बी. झाले. आजच्या पालकांच्या भाषेत सांगायचे तर एक वर्ष गेले आणि शाखाही बदलली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तर प्रत्यक्ष अर्जाचेच आहे. १८८३ मध्ये अमेरिकेस पोचल्यावर अठरा वर्षांच्या या मुलीने पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयास जे पत्र लिहिले, त्यात प्रवेशाच्या नेहमीच्या अटी आपल्याकडून पुऱ्या होत नाहीत हे तिने लपवले नाही. आपली परिस्थिती तिने सरळ मांडली. तिला प्रवेश मिळाला, आणि मार्च १८८६ मध्ये ती वैद्यकाची पदवीधर झाली. ते पत्र आजही जपून ठेवलेले आहे. जे आहे ते लिहून देण्याला संकोचू नये, असे मी मुलांना सांगतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हेच पत्र असते.

आता प्रत्यक्ष कारभाराकडे वळू. महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी इत्यादी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश २०१५ च्या कायद्याखालील राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, ज्याला सर्वजण सीईटी सेल म्हणून ओळखतात, फेऱ्याफेऱ्यांनी होतात. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तीवर हरकती घेण्याचे काही दिवस, अंतिम यादी, आणि मग जागावाटपाच्या फेऱ्या असा हा क्रम आहे. यातील हरकतींच्या दिवसांकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. नावातील चूक, जन्मतारीख, प्रवर्ग, आरक्षणाचा दावा, बारावीचे गुण, यांतील दुरुस्ती करून घेण्याची सर्वांत सोपी वेळ हीच. अंतिम यादी लागल्यावर तीच दुरुस्ती महाकठीण होऊन बसते. तात्पुरती यादी लागली की पुष्कळ घरांत मुलाचा क्रमांक तेवढा पाहतात आणि पेढे आणायला जातात. त्या दिवशी पेढ्यांआधी त्या ओळीतील अक्षर न् अक्षर दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो दाखल्यांच्या बाबतीत. राखीव जागेवर दावा करणाऱ्यास जातीचा दाखला पुरत नाही. जातपडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि इतर मागासवर्गीय वा तत्सम प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाही लागतो, ज्याची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे आणि ज्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षी काढलेला दाखला कपाटात आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या कुटुंबाला तो याच ३१ मार्चला संपून गेला हे जुलैमध्ये कळते. अशा वेळी अर्ज केल्याची पावती सादर करून तात्पुरते पुढे जाता येते, परंतु मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत दिले नाही तर उमेदवाराची गणना खुल्या प्रवर्गात होते. शासनाने अनेकदा मुदतवाढ दिली आहे हे खरे. मात्र मुदतवाढ हा हक्क समजून हातावर हात ठेवून बसणे म्हणजे मुलाचे वर्ष पणाला लावणे आहे. पावती मिळाल्याच्या दिवसापासून समितीकडील प्रकरणाचा पाठपुरावा करावा, आणि त्या प्रत्येक खेपेची तारीख वहीत टिपून ठेवावी.

गुणांतील बदलही असाच. बारावीच्या निकालानंतर मंडळाकडे गुणपडताळणी मागता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, आणि छायाप्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकन मागता येते. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन नाही, हे पुष्कळांना उशिरा समजते. त्यातून गुण वाढले तर वाढलेले गुण पुढच्या फेऱ्यांपासून धरले जातात. ज्या फेरीचे वाटप होऊन गेले, ती नव्याने मांडली जात नाही. म्हणून पुनर्मूल्यांकन करायचे असेल तर निकालाच्या आठवड्यातच करावे. शेजारच्या मुलाचे गुण वाढल्याचे ऐकून महिन्याने धावपळ करण्यात अर्थ नसतो.

वहिनींच्या कागदाचा प्रश्न मात्र याहून निराळा होता, कारण त्यात चूक कोणाचीच नव्हती. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ती जागा आपोआप पक्की होई. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतेही मिळाले तरी तसेच. त्याखालच्या पसंतीची जागा मिळालेल्यास दोन मार्ग असत: ती जागा 'फ्रीज' करून थांबणे, अथवा जागा स्वीकारून 'बेटरमेंट'साठी पुढच्या फेरीत उतरणे. बेटरमेंटमध्ये वरची जागा मिळाली की हातातली जागा तत्क्षणी जाते आणि ती परत मागता येत नाही. वरची मिळाली नाही तर आधीची कायम राहते.

मुलीला वाटत होते की बेटरमेंट घेतले म्हणजे मुंबईची जागा गळ्यात पडणार आणि फ्रीज केले म्हणजे पुण्यातील त्याहून चांगल्या महाविद्यालयाची आशा सुटणार. तिच्या लक्षात न आलेली गोष्ट एवढीच होती की पुढच्या फेरीचा पसंतीक्रम नव्याने भरायचा असतो. मुंबईची दोन्ही नावे काढून टाकावी, हातातल्या जागेहून तिला खरोखर अधिक पसंत असलेली पुण्यातील महाविद्यालयेच तेवढी लिहावी, आणि मग बेटरमेंट घ्यावे. वरची मिळाली तरी पुणे, न मिळाली तरी पुणे. वहिनींनी हे दोनदा माझ्याकडून वदवून घेतले, मग फोनवर मुलीकडून वदवून घेतले, आणि तेवढ्यात आलेल्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो गवार मोजून देत म्हणाल्या, "म्हणजे घर सुटत नाही." सगळ्या नियमावलीतून त्यांना हवे होते ते एवढेच वाक्य.

शुल्काची चिंता त्यांना कमी होती, याचे कारण ८ जुलै २०२४ चा शासननिर्णय. त्यानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. मुलींच्या शिक्षणासाठी अलीकडच्या काळात राज्याने केलेल्या कामांत मी हे अग्रक्रमाने मोजतो. तरीही कमावत्या माणसाचे आजारपण आले की वसतिगृह, पुस्तके, प्रवास यांचा खर्च उरतोच. उत्पन्न घटले असल्यास तहसील कचेरीतून चालू वर्षाचा नवा उत्पन्नाचा दाखला काढावा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच दाखल्यावर करावा, जुन्यावर नव्हे. महाविद्यालयाच्या प्राचार्यांना साध्या कागदावर चार ओळींत परिस्थिती कळवून हप्त्यांची विनंती करावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना महाविद्यालयांतून चालते. तीत काम करण्यात कमीपणा मानणाऱ्या मुलांनी साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेची परंपरा एकदा समजून घ्यावी.

प्रवेश घेतल्यानंतर तो सोडावा लागणे हीही एक परिस्थितीच आहे, आणि येथे पालकांची सर्वांत मोठी भीती भरलेल्या पैशांची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत प्रवेशाच्या अखेरच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस वा त्याआधी प्रवेश रद्द केल्यास किरकोळ प्रक्रियाशुल्क वजा करून पूर्ण परतावा, अखेरच्या पंधरवड्यात नव्वद टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ऐंशी टक्के, आणि महिन्याच्या आत पन्नास टक्के, अशी पायरी घालून दिली. त्याच अधिसूचनेने विद्यार्थ्याचे मूळ दाखले अडकवून ठेवण्यासही मनाई केली. माझ्या परिचयातील एका मुलाला, संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, "अर्ज तोंडी केला होतात, आमच्या नोंदीत नाही" असे ऐकावे लागले आणि तीन आठवडे गेले. तेव्हापासून प्रवेशरद्दीचा अर्ज दोन प्रतींत नेऊन एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये, असे मी प्रत्येकाला बजावतो.

विषय चुकला असे वाटणाऱ्यांची वाट आता पूर्वीइतकी अडलेली नाही. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा राहतात, आणि पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर अभ्यास थांबवावा लागला तरी काही वर्षांच्या आत तेथूनच पुढे सुरुवात करता येते. परदेशीही हा विचार नवा नाही. ब्रिटनमध्ये युकास या केंद्रीय संस्थेमार्फत अर्ज करणारा विद्यार्थी एक जागा पक्की आणि एक राखीव म्हणून स्वीकारतो, आणि घरच्या अडचणीमुळे प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंतीही त्याला करता येते. आपल्याकडे एक वर्ष पुढे ढकलण्याला अजून 'गॅप' असे नाव आहे आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागतात, जणू ते वर्ष कोठे गेले याचा जाबच द्यायचा असतो. आजारी बापाची शुश्रूषा करीत काढलेल्या वर्षाचा जाब कोणाही मुलीला द्यावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या फेरीच्या वाटपानंतर मी मंडईत गेलो, तेव्हा वहिनींची मुलगी स्वतः गाळ्यावर बसली होती. जागा तीच राहिली होती. वरची मिळाली नव्हती. तिसऱ्या फेरीत उतरायचे की नाही, हे तिने अजून ठरवले नव्हते, पण आता तिने नियमांची प्रत छापून घेतली होती आणि त्यातील तारखांखाली लाल शाईने रेघा ओढल्या होत्या. वडील काठी धरून चार पावले टाकू लागले आहेत, असे तिने सांगितले. मग माझ्या पिशवीत मेथीची जुडी टाकून तिने ते कागद पुन्हा गल्ल्याच्या डब्याखाली सरकवले, कोरड्या बाजूला.