न्हाणीघरातील गॅस गीझर : बसविण्यापूर्वी

मालवण परिसरातील जुन्या घरांत न्हाणीघर बहुधा मागील पडवीत किंवा घरापासून थोडे बाजूला असे. पाण्याचा हंडा चुलीवर, माथ्यावर कौले आणि हवेला जाण्यायेण्यास फटी पुष्कळ. धूर डोळ्यांना झोंबे, परंतु त्यास बाहेर पडण्याची वाट असे. आता न्हाणीघर स्लॅबच्या घरात आले. भिंतींना टाइल्स लागल्या, खिडकी लहान झाली आणि पावसाळ्यात तीही बंद राहू लागली. अशा खोलीत, विशेषतः पर्यटकांसाठी खोल्या काढलेल्या घरांत, गॅस गीझर बसविला जातो. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर अनेक दिवस विजेविना काढलेल्यांना दोन सेलवर पेटणारे हे उपकरण सोयीचे वाटते, यात नवल नाही.

मात्र येथे धोके दोन आहेत, आणि त्यांची गल्लत होते. पहिला गळतीचा. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून तो कळतो. दुसरा धोका नीट पेटलेल्या ज्योतीचाच. कोंदट खोलीत ती प्राणवायू संपवीत जाते आणि ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. अंघोळ करणाऱ्यास डोकेदुखी, मळमळ व गरगरणे जाणवते, आणि कडी काढण्यापूर्वीच तो कोसळू शकतो. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवली येथे एका शाळकरी मुलीचा अशाच प्रकारे मृत्यू झाला.

म्हणून गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतील भिंतीवर बसवावा व गरम पाण्याची नळी तेवढी आत आणावी. खिडकीच्या अगदी लगत बसविल्यास जळका वायू पुन्हा आतच येतो. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास हिशेब प्रथम सुचतो. बाहेर बसविण्यास लागतो तो काही फूट जादा पाइप आणि भिंतीतील एक भोक. एवढ्या खर्चासाठी गीझर आत ठेवणारी माणसे टाइल्सच्या रंगावर मात्र आठवडाभर विचार करतात! एक्झॉस्ट पंखा हा यास पर्याय नव्हे. वीज गेली की तो थांबतो, ज्योत मात्र चालूच राहते.

सिलिंडर उभा, उघड्यावर पण आडोशाला असावा. खड्ड्यात किंवा बंद कपाटात नको. नळी आय.एस.आय. चिन्हाची, तारेची जाळी असलेली घ्यावी व पाच वर्षांच्या आत बदलावी. सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी पेटवून कदापि नव्हे. आपल्याकडील खाऱ्या हवेत बर्नर लवकर गंजतो, तेव्हा वर्षातून एकदा जाणकाराकडून तो साफ करून घ्यावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागल्यास वापर तत्काळ थांबवावा. गळतीचा वास आल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नये, रेग्युलेटर बंद करून दारेखिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

न्हाणीघरात कोणी बेशुद्ध आढळल्यास दार उघडून त्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे व गीझर बंद करावा. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे सुरू करून मदत बोलवावी. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नये. हे साधन प्राणवायू वाहणारे व कार्बन मोनॉक्साईड वाहणारे हिमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसूनही रुग्ण गंभीर असू शकतो. पूर्ण प्राणवायू दिल्यास रक्तातील विषारी वायूचे प्रमाण साधारण सव्वा ते दीड तासात निम्मे होते, साध्या हवेत त्यास चार-पाच तास लागतात. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णासही रुग्णालयात आणावेच. आणताना नातेवाइकांनी, विचारण्याची वाट न पाहता, ‘गॅस गीझर चालू होता’ हे डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे. एरवी चक्कर, अपचन किंवा रक्तदाब समजून तपासणी दुसऱ्याच दिशेने जाण्याचा संभव असतो.