फादर स्टीफन्सचा मित्र

'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स मराठी वाचकाला परके नाहीत. विल्टशर परगण्यातला हा इंग्रज ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्याला उतरला, साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि १६१६मध्ये राशोलला त्याचं ओवीबद्ध पुराण छापून निघालं. ज्या मित्राबरोबर तो घराबाहेर पडला होता, त्या थॉमस पाउंडचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही.

पाउंड दहाएक वर्षांनी मोठा, घरचा श्रीमंत, एलिझाबेथ राणीच्या दरबारातला हौशी माणूस. एकदा राणीसमोर नाचताना तो गिरकी घेता घेता कोसळला, राणीनं त्याची चारचौघांत टर उडवली आणि तिथून त्याचं मन दरबारावरून उडालं, असं सांगतात. एका अपमानानं माणूस इतका पालटतो का, ही शंका मला आहेच. पण पाउंड पालटला हे खरं. १५५९च्या कायद्यानं मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, हा गुन्हा ठरवला होता, आणि हा गृहस्थ उघडपणे कॅथलिक म्हणून वावरू लागला. स्टीफन्स त्याच्याबरोबर हिंडे तो त्याचा नोकर बनून. संशय येऊ नये म्हणून घेतलेलं ते सोंग होतं.

नोकर आणि मित्र हे शब्द बायबलातही शेजारी येतात. योहानाच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की यापुढे मी तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणेन. कॅथलिक परंपरेतला मैत्रीचा पुष्कळसा विचार इथून निघतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी देवप्रीतीची व्याख्याच माणसाची देवाशी मैत्री अशी केली. त्याआधी शंभरेक वर्षं, यॉर्कशरमधल्या रीव्हो मठाचे मठाधिपती संत एलरेड यांनी आध्यात्मिक मैत्रीवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. सिसरोचं मैत्रीवरचं पुस्तक त्यांना तरुणपणी फार आवडलं होतं, पण त्यात ख्रिस्त नव्हता. एलरेड यांच्या मते दोन मित्र बोलत बसतात तेव्हा तिसरा ख्रिस्त तिथे असतो. म्हणून मित्र घाईनं करू नये. आधी निवडावा, मग पारखावा, मग आपला म्हणावा. आणि एकदा म्हटलं की सहन करावं.

सगळ्या मठांना हे पचलं नाही. व्रतस्थांमधल्या 'खास मैत्री'कडे पुढे शतकानुशतकं वाकड्या नजरेनं पाहिलं गेलं. दोघांचं गूळपीठ जमलं की मठात दुफळी पडते, ही भीती अगदीच खोटी नव्हती. पण तिच्यापायी मठांत कोरडेपणाही पुष्कळ आला असावा.

पाउंड आणि स्टीफन्स या दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, शिरायचं ठरवलं होतं. निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटाच रोमला पोहोचला आणि ऑक्टोबर १५७५मध्ये संघात दाखल झाला. तिथे त्यानं मित्रासाठी वरिष्ठांकडे रदबदली केली. नियम सरळ होता: आधी नवदीक्षितांच्या मठात येऊन राहायचं, पारख व्हायची, मग प्रवेश. तुरुंगातला माणूस मठात कसा येणार? अखेर १५७८मध्ये संघप्रमुख मर्क्युरियन यांनी पाउंडला न पाहताच संघात घेतल्याचं पत्र धाडलं. त्याची पारख तुरुंगानंच केली होती म्हणायची.

पुढच्या एप्रिलमध्ये स्टीफन्सचं जहाज लिस्बनहून सुटलं. पाउंडनं आयुष्याची जवळपास तीस वर्षं या ना त्या तुरुंगात काढली. १६०३मध्ये राणी वारली तेव्हा स्टीफन्स गोव्यात मुरलेला होता.

मर्क्युरियन यांच्या त्या पत्रानं पाउंडची कोठडी उघडली नाही, साखळदंडही सुटले नाहीत. पण येशूसंघात एक रीत आहे: संघातला कोणीही वारला की जगभरचे सोबती त्याच्यासाठी प्रार्थना करतात, धर्मगुरू मिस्सा अर्पण करतात. स्टीफन्सनं मित्राला मिळवून दिलं ते हे.